खाऱ्या हवेत टिकणारी घरची जाळी आणि परसातली वर्षभराची धुरी

परसातल्या विस्तवावर मासे किंवा मांस भाजण्यासाठी आपली स्वतःची धातूची जाळी असावी, असे गोव्यात अनेकांना वाटते आणि बहुतेक जण ती दिवाळीच्या सुमारास करून घेतात, कारण तेव्हा पाऊस सरलेला असतो, संध्याकाळी अंगणात बसवते आणि बाजारात बांगडे भरपूर आलेले असतात. पुढच्या चवथीला, म्हणजे गणेशचतुर्थीला, तीच जाळी मांगरातल्या अडगळीतून बाहेर काढली की तिच्यावरून गंजाचे पापुद्रे निघतात आणि मग ती भंगारवाल्याकडे जाते. माझ्या पहिल्या दोन जाळ्यांची अशीच गत झाली. पहिली साध्या लोखंडाची होती आणि तिला वरून चांदीसारखा रंग दिलेला होता. तो रंग पहिल्याच विस्तवात फोडांसारखा उठला आणि उरलेले काम जून महिन्याने केले. दुसरी एका कारागिराने जस्ताच्या मुलाम्याच्या तयार जाळीतून कापून दिली. ती गंजली नाही, पण तिच्यावर काही भाजायलाच नको होते, हे मला नंतर कळले. आपल्याकडे जाळीचे आयुष्य आगीपेक्षा हवेवर अधिक ठरते आणि धुरी चांगली उतरेल की कडवट होईल, हेही मसाल्यापेक्षा ओलाव्यावर अधिक अवलंबून असते. पुढच्या सगळ्या सूचना ही गोष्ट धरून आहेत.

आधी दोन कामांतला फरक स्पष्ट करून घेऊ. भाजणे म्हणजे निखाऱ्यांच्या वर वीतभर अंतरावर, तीव्र आचेवर, काही मिनिटांत पदार्थ शिजवणे. धुरी देणे म्हणजे पदार्थ निखाऱ्यांपासून बाजूला किंवा बराच वर ठेवून, झाकणाखाली, ८० ते १२० अंश सेल्सिअसच्या गरम धुरात तासभर किंवा त्याहून अधिक वेळ शिजवणे. नवख्या माणसाने दोन्हींसाठी एकच जाळी करावी आणि चूल मात्र अशी मांडावी की जाळीची उंची बदलता येईल.

थंड धुरीचा, म्हणजे ३० अंशांच्या खाली केवळ धूर देऊन कच्चा पदार्थ मुरवण्याचा प्रकार थंड देशांत चालतो. गोव्यात दुपारची हवाच वर्षातले अनेक महिने ३० अंशांच्या वर असते आणि त्या उबेत कच्चे मासे व मांस यांच्यात जंतू झपाट्याने वाढतात. म्हणून नवख्यांनी थंड धुरीच्या वाटेला जाऊ नये. या लेखातली सगळी धुरी गरम आहे.

धातू निवडताना

फॅब्रिकेशनच्या दुकानात गेल्यावर चार पर्याय समोर येतात. साधे लोखंड स्वस्त असते, त्याचे वेल्डिंग सोपे असते आणि उष्णतेला ते उत्तम टिकते, पण समुद्रापासून पाच-दहा किलोमीटरच्या आत राहणाऱ्यांना त्याची निगा राखणे जड जाते. जस्ताचा मुलामा दिलेले, म्हणजे दुकानात ज्याला जीआय म्हणतात ते लोखंड, विस्तवावर कधीही वापरू नये. जस्त सुमारे ४२० अंशांना वितळते आणि फुललेले निखारे त्याहून कितीतरी तापलेले असतात. शिवाय जस्त आम्लात विरघळते आणि आपला रेशाद मसाला तर व्हिनेगरमध्येच वाटलेला असतो. असे लोखंड वेल्डिंग करताना निघणारा पांढरा धूर फुप्फुसात गेला तर काही तासांनी हुडहुडी भरून ताप येतो, म्हणून चांगला वेल्डरही ते जोडायला सहसा राजी नसतो.

उरले स्टेनलेस स्टील. त्यात ३०४ आणि २०२ असे दोन प्रकार दुकानात मिळतात आणि दोन्ही दिसायला अगदी सारखे असतात. ३०४ मध्ये साधारण १८ टक्के क्रोमियम आणि ८ टक्के निकेल असते. २०२ मध्ये निकेल ४ ते ६ टक्क्यांवर आणून त्याची उणीव मँगेनीजने भरून काढलेली असते. खारी हवा २०२ ला लवकर डाग पाडते. लोहचुंबक लावून पाहण्याचा सल्ला अनेक जण देतात, परंतु त्या चाचणीने हे दोन प्रकार वेगळे ओळखता येत नाहीत, कारण दोन्हींना चुंबक जवळजवळ चिकटत नाही. मँगेनीज ओळखणारा एक द्रव मिळतो. त्याचा थेंब टाकून बॅटरीचा बारीक प्रवाह सोडला की २०२ वर लाल रंग चढतो. तुमच्या दुकानदाराकडे तो असेल तर तुमच्या समोर चाचणी करायला सांगा, नसेल तर बिलावर ३०४ असे लिहून घ्या. मॉलिब्डेनम मिसळलेले ३१६ खाऱ्या हवेत याहून चांगले टिकते, पण अगदी किनाऱ्यावरचे घर सोडले तर त्याच्या किमतीएवढा फायदा होत नाही.

माझे मत असे की, सासष्टी, बार्देश, तिसवाडी, मुरगाव आणि पेडणे इथल्या किनाऱ्यालगतच्या गावांत राहणाऱ्यांनी ३०४ घ्यावे. सत्तरी, डिचोली, सांगे, धारबांदोडा अशा आतल्या भागात, जिथे घरात कोणी जाळी दर वेळी पुसून तेलावर ठेवणारे आहे, तिथे साधे लोखंडही वर्षानुवर्षे चालते.

माप आणि जोडणी

चार ते सहा माणसांच्या घरासाठी ६० सेंटिमीटर लांब आणि ४५ सेंटिमीटर रुंद जाळी पुरते. चौकटीसाठी २५ मिलिमीटर रुंद आणि ५ मिलिमीटर जाड पट्टी घ्यावी. ती सुमारे सव्वादोन मीटर लागते. आडव्या सळया ६ मिलिमीटर जाडीच्या असाव्यात. त्याहून बारीक सळया तापल्यावर वाकतात आणि जाड सळया वजन वाढवतात. दोन सळयांमध्ये १२ मिलिमीटर मोकळी जागा ठेवली, म्हणजे मधोमध मोजल्यास १८ मिलिमीटर अंतर राहिले, की ३२ सळया बसतात आणि दोन्ही कडांना दोन-दोन सेंटिमीटर जागा उरते. प्रत्येक सळई ४५ सेंटिमीटरची, म्हणजे एकूण साडेचौदा मीटरच्या आत काम होते. ६ मिलिमीटर सळईचे वजन मीटरला साधारण २२० ग्रॅम भरते. त्या हिशेबाने सळयांचे सव्वातीन किलो आणि चौकटीचे दोन किलो, अशी सव्वापाच किलोच्या आसपासची जाळी तयार होते. स्टील वजनावर विकले जात असल्यामुळे हा हिशेब घरूनच करून गेलेला बरा. तारली किंवा सुंगटे (कोळंबी) भाजायची असतील तर १२ मिलिमीटरची फट मोठी पडते. त्यांच्यासाठी हातात धरायची दुमडती जाळी वेगळी ठेवावी, मोठ्या जाळीची फट कमी करू नये, कारण बारीक फटींत चिकटलेले खरवडून काढणे फार कष्टाचे होते.

जोडणीतली एक बारीक गोष्ट फारसे कोणी सांगत नाही. स्टेनलेस स्टील उष्णतेने साध्या लोखंडापेक्षा अधिक प्रसरण पावते. ४५ सेंटिमीटरची सळई २५० अंशांनी तापली तर जवळजवळ २ मिलिमीटर वाढते. चौकट त्या मानाने थंड राहते, म्हणून सळई दोन्ही टोकांना पक्की जोडलेली असेल तर वाढायला जागा न मिळाल्याने ती वर किंवा खाली धनुष्यासारखी वाकते आणि पुढे जोडाला तडा जातो. यासाठी सळयांचे एकच टोक चौकटीला वेल्ड करून घ्यावे. दुसरे टोक पट्टीवर नुसते टेकू द्यावे आणि ते उचलले जाऊ नये म्हणून त्याच्यावरून दुसरी पट्टी आडवी बसवावी. ही वरची पट्टी दोन्ही बाजूंना नट-बोल्टने बसवलेली असावी, वेल्ड केलेली नसावी. त्या खाचेत मिठाचे पाणी आणि चरबी साचते आणि गंज तिथूनच सुरू होतो. पट्टी काढता आली तरच ती जागा धुता येते. बोल्टही ३०४ चेच घ्यावेत, कारण वेगळ्या धातूचा बोल्ट ओल्या हवेत आधी स्वतः खराब होतो आणि मग शेजारच्या पट्टीवर डाग सोडतो.

कारागिराला काम देताना तीन गोष्टी आवर्जून सांगाव्यात. स्टेनलेससाठी स्टेनलेसचाच वेल्डिंग रॉड वापरावा. साध्या लोखंडावर फिरवलेले ग्राइंडरचे चाक याच्यावर फिरवू नये, कारण त्यातले लोखंडाचे कण स्टीलमध्ये रुततात आणि पहिल्याच पावसात तांबूस ठिपके उठतात. चौकट गुण्यात, म्हणजे कोपरे काटकोनात आहेत का ते, तपासून मगच पक्की करावी. कापलेल्या सळयांची टोके कानशीने गोल करून घ्यायला विसरू नका, नाहीतर धुताना हात कापतो.

वेल्डिंगच्या भोवती निळसर-तपकिरी छटा उमटते. तिथे स्टीलचे संरक्षक आवरण कमजोर झालेले असते. ती छटा घासून काढून लिंबूसत्त्वाच्या कोमट पाण्यात, म्हणजे एक लिटरला सुमारे १०० ग्रॅम या प्रमाणात, जाळीचे जोड अर्धा तास बुडवून ठेवावेत आणि मग स्वच्छ पाण्याने धुऊन पूर्ण वाळवावेत. एवढ्या एका उपायाने माझ्या आताच्या जाळीचे जोड अजून स्वच्छ आहेत.

जुन्या २०० लिटरच्या पिंपातून धुरीची भट्टी करण्याची कल्पना आकर्षक असते, पण सुरुवातीला ती करू नये. पिंपात आधी काय भरलेले होते हे खात्रीने कळत नाही, आतल्या बाजूला अनेकदा रासायनिक थर असतो आणि ज्वलनशील द्रवाचे रिकामे पिंप कापताना आत उरलेल्या वाफेचा स्फोट होऊ शकतो.

चूल मांडणे

गोव्यात यासाठी चिऱ्यासारखा, म्हणजे जांभ्यासारखा, दगड नाही. तीन बाजूंना चिरे मातीशिवाय नुसते रचून, चौथी बाजू मोकळी ठेवून चूल करावी. आतली जागा जाळीपेक्षा लांबीत वीतभर जास्त असावी, म्हणजे निखारे एका अंगाला सरकवून दुसऱ्या अंगावर धुरी देता येते. निखाऱ्यांपासून जाळी भाजण्यासाठी १५ ते २० सेंटिमीटर आणि धुरीसाठी त्याच्या दुपटीने उंच हवी. चिऱ्यांचा एक थर चढवला की हे अंतर आपोआप मिळते, आणि मधली उंची हवी असेल तर कौलाचे किंवा विटेचे तुकडे खाली घालावेत. ओढ्यातले गोटे मात्र विस्तवाजवळ लावू नयेत. त्यांच्या आत मुरलेल्या पाण्याची वाफ होऊन ते फुटतात आणि तुकडे उडतात. चिराही पावसाळ्यात पाणी धरून ठेवतो, म्हणून ओल्या चिऱ्यांच्या चुलीत पहिला अर्धा तास लहानच विस्तव ठेवावा.

चूल घराच्या भिंतीपासून, गवताच्या गंजीपासून आणि माडाच्या लोंबत्या झावळ्यांपासून निदान तीन मीटर दूर असावी. तोंड वाऱ्याला आडवे ठेवावे. समोरून वारा आला तर निखारे भडकतात आणि पाठीमागून आला तर धूर सगळा बाहेर ओढला जातो. आपल्याकडे दुपारी समुद्रावरून, म्हणजे साधारण पश्चिमेकडून वारा येतो आणि हिवाळ्यातल्या सकाळी तो पूर्वेकडून, डोंगराच्या बाजूने येतो. तोंड उत्तरेला किंवा दक्षिणेला ठेवले की दोन्ही वेळा निभावते. शेजाऱ्यांच्या दोरीवर कपडे कुठे वाळतात, हेही पाहून घ्यावे.

झाकणासाठी वेगळे काही बनवण्याची घाई नको. जेवणावळीसाठी वापरतात तसा स्टीलचा मोठा टोप पदार्थावर उपडा घालावा आणि निखाऱ्यांच्या विरुद्ध बाजूची कड एका खड्यावर बोटभर उचललेली ठेवावी. धूर निखाऱ्यांकडून आत शिरून, पदार्थावरून जाऊन, त्या फटीतून बाहेर पडतो. धूर सतत वाहता राहणे महत्त्वाचे आहे. कोंडलेला धूर थंड होऊन पदार्थावर काळपट, कडू थर बसवतो.

नव्या जाळीवर अन्न ठेवण्यापूर्वी ती तासभर भर विस्तवावर रिकामीच तापवावी, म्हणजे कारखान्यातले तेल आणि ग्राइंडिंगची धूळ जळून जाते. मग ती धुऊन, वाळवून, गोडेतेलाचा अगदी पातळ हात फिरवून ठेवावी. साध्या लोखंडाच्या जाळीला हा तेलाचा हात तीन-चार वेळा देऊन दर वेळी तापवावे. तो काळा थरच तिचा रंग आणि तिचे संरक्षण असतो.

लाकूड

आच कोळशाची आणि वास लाकडाचा, असे गणित ठेवावे. करवंटीचा कोळसा जड, दीर्घकाळ जळणारा आणि कमी राखेचा असतो. गोव्यात करवंट्यांना तोटा नाही. पण कच्ची करवंटी जळताना दाट, तेलकट धूर सोडते, म्हणून ती पूर्ण निखारा झाल्याशिवाय वर पदार्थ ठेवू नये. सोडण, म्हणजे नारळाची काथ्याची साल, विस्तव पेटवायला उत्तम, धुरीसाठी मात्र ते नको, कारण त्याचा धूर डोळ्यांत जातो तसाच चवीतही जातो.

धुरीच्या लाकडांत मी पेरू आणि चिंच यांना पहिला मान देतो. पेरूचा धूर सौम्य असतो आणि माशाला शोभतो, चिंचेचे लाकूड कठीण असल्याने सावकाश धुमसते आणि कोंबडी किंवा डुकराच्या मांसाला चालते. चिकू आणि फणसही चालतात. काजू व आंबा हे बिब्ब्याच्या कुळातले आहेत आणि त्यांचा चीक कातडीला झोंबतो. त्यांचे लाकूड वापरायचेच झाले तर साल काढलेले आणि वर्षभर वाळलेले असावे. काजूबियांची टरफले कधीही विस्तवात टाकू नयेत. त्यांतल्या दाहक तेलाचा धूर डोळे, घसा आणि कातडी पोळवतो. कण्हेर, काजरा, शेर आणि बिब्बा ही झाडे विषारी किंवा दाहक असल्याने त्यांची काटकीही चालणार नाही. सुताराकडचे रंधलेले तुकडे, प्लायवूड आणि पॉलिश केलेले लाकूड त्यांतल्या गोंदामुळे व रसायनांमुळे टाळावे. आणि लाकडासाठी झाड तोडू नये. गोव्यात १९८४ च्या वृक्षसंरक्षण कायद्याप्रमाणे त्यासाठी परवानगी लागते, आणि छाटणीच्या व पडलेल्या फांद्यांवर एका घराची धुरी सहज भागते.

लाकडात २० टक्क्यांहून कमी ओलावा हवा. दोन तुकडे एकमेकांवर आपटले की वाळलेले खणखणीत वाजतात, ओले बद्द वाजतात. ओल्या लाकडाची उष्णता आधी पाण्याची वाफ करण्यात खर्ची पडते, लाकूड पूर्ण जळत नाही आणि पांढरा, जाड धूर निघतो. हवा असतो तो पातळ, निळसर, जेमतेम दिसणारा धूर. धुरासाठी लाकूड पाण्यात भिजवून घालण्याचा सल्ला सर्रास दिला जातो. तो आपल्या हवेत तर मुळीच मानू नये.

पहिली धुरी: बांगडा

नवख्याने बांगड्यापासून सुरुवात करावी, कारण तेलकट मासा धूर चांगला धरतो आणि कोरडा पडत नाही. एक इशारा मात्र गंभीरपणे घ्यावा. बांगडा, तारली, कुपा असे मासे उन्हात किंवा उबेत राहिले की त्यांच्यात हिस्टामाइन हे विषारी द्रव्य तयार होते आणि ते शिजवल्याने किंवा धुरी दिल्याने नष्ट होत नाही. बाजारातून येतानाच बर्फ बरोबर ठेवावा आणि विस्तव तयार होईपर्यंत मासे बर्फात किंवा फ्रिजमध्येच असावेत.

सहा मध्यम बांगडे पोट साफ करून, कल्ले काढून धुऊन घ्यावेत. एक लिटर थंड पाण्यात ६० ग्रॅम मीठ विरघळवावे. मिठागरातले जाडे मीठ घेत असाल तर चमच्याने न मोजता काट्यावर वजन करावे, कारण जाड्या मिठाचा चमचा बारीक मिठाच्या चमच्यापेक्षा हलका भरतो. या पाण्यात बांगडे फ्रिजमध्ये पाऊण तास ठेवावेत, मग पटकन खंगाळून, पुसून, वायरच्या जाळीवर पंख्याच्या झोतात तासभर ठेवावेत. वरची कातडी किंचित चिकट आणि चकचकीत झाली की ती तयार झाली. ओल्या कातडीवर धूर बसतो तो डागाडागांनी आणि कडू चवीचा. ही पायरी लोक सर्वांत जास्त गाळतात आणि मग लाकडाला दोष देतात.

या वेळात कोळसा पेटवून घ्यावा. दीड-दोन किलो कोळसा पुरतो. त्याच्यावर राखेचा पांढुरका पदर आला की निखारे एका अंगाला ओढावेत, त्यांच्यावर मनगटाएवढा पेरूचा एकच तुकडा ठेवावा, दुसऱ्या अंगावर तेल फिरवलेली जाळी ठेवून बांगडे मांडावेत आणि टोप उपडा घालावा. जाळीच्या उंचीवर तापमापक ठेवून ८० ते १०० अंश राखावे. तापमान वाढले तर टोपाची फट कमी करण्याऐवजी निखारे मागे ओढावेत. अर्ध्या तासाने लाकडाचा दुसरा तुकडा घालावा. तास ते सव्वा तासात बांगडे सोनेरी-तपकिरी होतात. पाठीच्या जाड भागात तापमापकाची सुई घालून ६३ अंश दिसले की ते उतरवावेत. कोंबडीला ७४ अंश लागतात आणि त्यासाठी आच ११० ते १२० अंशांवर ठेवावी. ही सुईची तपासणी डोळ्यांच्या अंदाजावर सोडू नये, कारण धूर कच्च्या मांसालाही शिजल्यासारखा रंग देतो.

असे धुरावलेले बांगडे म्हणजे खारवलेले मासे नव्हेत. ते टिकाऊ नसतात, दोन दिवस फ्रिजमध्ये ठेवता येतात. गरम असतानाच काटे काढून, कांदा, ओले खोबरे, हिरवी मिरची आणि दोन-तीन आमसुलांचे पाणी घालून केलेली किसमूर, म्हणजे कोशिंबीर, आमच्या घरी सुक्या बांगड्याच्या किसमुरीपेक्षा आधी संपते.

ऋतूंप्रमाणे

नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा धुरीचा खरा काळ आहे. हवा कोरडी असते, कातडी पंख्याशिवायही वाळते आणि सकाळी वारा मंद असतो. मी सातला विस्तव लावतो आणि दुपारचा समुद्रावरचा वारा सुरू होण्याआधी काम आटोपतो. या दिवसांत आगशीची मोठी वांगी आणि कणगी विस्तवाच्या कडेला लावून ठेवावीत, तीही त्याच धुरात भाजून निघतात. एक काळजी मात्र घ्यावी. पहाटेचे दव जाळी भिजवते, म्हणून ती रात्री चुलीवर राहू देऊ नये.

मार्च ते मे या महिन्यांत धोका जाळीला नसतो, परिसराला असतो. गवत वाळलेले असते आणि काजूच्या बागांत पाचोळ्याचा थर असतो. २०२३ च्या मार्चमध्ये म्हादई अभयारण्यासह गोव्याच्या अनेक डोंगरांवर आगी लागल्या, त्या आपण सर्वांनी पाहिल्या आहेत. चुलीभोवती दोन मीटर जमीन झाडून साफ करावी, भरलेली बादली आणि रेतीचे घमेले हाताशी ठेवावे, वारा वाढला तर त्या दिवशी बेत रद्द करावा आणि शेवटी निखारे पाण्याने भिजवून, काठीने ढवळून, पुन्हा भिजवावेत. राखेखालचा निखारा दुसऱ्या दिवशीही जिवंत असू शकतो. हवा ३२ अंशांच्या वर असेल तर कच्चे किंवा शिजलेले मासे आणि मांस तासाभराहून अधिक वेळ बाहेर ठेवू नये.

याच महिन्यांत घराघरांत पुरुमेंताची, म्हणजे पावसाळ्याच्या बेगमीची तयारी चालते. सुके मासे, सोलां (आमसुले), मिरच्या यांच्याबरोबर धुरीच्या लाकडाचेही पुरुमेंत करावे. छाटलेल्या फांद्या मनगटाच्या जाडीच्या फाडून एप्रिलच्या उन्हात पसराव्यात आणि मेच्या अखेरीस झाकणाच्या पत्र्याच्या पिंपात भराव्यात. उघड्या छपराखाली रचलेले लाकूड पाऊस न लागताही ऑगस्टपर्यंत हवेतूनच ओलावा ओढून पुन्हा १८-२० टक्क्यांवर जाते. हे मी अनेक वर्षे अनुभवले आणि झाकणाचे पिंप घेतल्यावरच ते थांबले.

जूनपासून सप्टेंबरपर्यंत मोजकेच काम करावे. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारी बंद असते, पुढे श्रावण येतो. म्हणून या काळात धुरी भाज्यांची आणि विस्तव लहान. मक्याची कणसे, सुरण, वांगी आणि पनीर यांना अर्धा तास पुरतो. लाकूड नेहमीच्या निम्मे, कोळसा सवाई घ्यावा, कारण ओल्या हवेत आणि ओल्या चुलीत उष्णता लवकर हरवते. पुढच्या विस्तवाचे लाकूड आजच्या चुलीच्या उबेला लावून ठेवावे. कातडी वाळवायची असेल ते काम घरात, पंख्याखालीच करावे.

पावसाची सर आली म्हणून पेटलेली शेगडी घरात, बंद पडवीत किंवा गाडीच्या शेडमध्ये कधीही घेऊ नये. निखाऱ्यांतून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही आणि वासही नाही. धूर दिसेनासा झाला तरी तो वायू निघतच असतो, आणि झोपेतल्या माणसाला तो जागेही होऊ देत नाही. चारही बाजू मोकळ्या असलेला मांडव असेल तरच पावसात विस्तव लावावा.

जाळीची निगा बाराही महिने सारखीच आहे, पावसाळ्यात फक्त चुकीला माफी नसते. जेवण झाल्याबरोबर, जाळी कोमट असतानाच, सोडणाच्या काथ्याने आणि राखेने घासून धुवावी. मासळीचे मीठ रात्रभर राहिले तर ३०४ लाही बारीक खड्डे पडतात. तारेचा ब्रश वापरू नये, कारण त्याची तुटलेली तार पदार्थाला चिकटून घशात जाऊ शकते. धुतल्यावर जाळी विस्तवाच्या उरल्या उबेवर पाच मिनिटे वाळवावी आणि आत, भिंतीपासून सुटी, खिळ्याला टांगावी. प्लास्टिकच्या पिशवीत बांधू नये, आत घाम सुटतो. साध्या लोखंडाच्या जाळीला जून ते सप्टेंबर दर पंधरवड्याला तेलाचा फडका फिरवावा.

पाऊस ओसरला की जाळी उजेडात आणून वरची पट्टी बोल्ट काढून सोडवावी आणि खाच तपासावी. प्रत्येक सळई लहान हातोडीने ठोकून पाहावी. आवाज स्वच्छ आला तर जोड शाबूत आहे, खुळखुळला तर तेवढाच जोड पुन्हा करून घ्यावा. तांबूस ठिपके असतील तर लिंबूसत्त्वाच्या पाण्याने काढावेत. चिऱ्यांवर उगवलेले शेवाळ खरवडून चुलीत सलग दोन संध्याकाळी लहान विस्तव लावावा आणि तिसऱ्या दिवशी बांगडे आणावेत.